पाच क्रमांकाचा खेळाडू

फुटबॉलच्या सामन्याला जमलेल्या प्रेक्षकांच्या दृष्टीकडे कधी लक्ष देऊन पाहा. चेंडू प्रतिपक्षाच्या गोलाजवळ गेला की सारे लोक उठून उभे राहतात. गोल झाला की तो करणाऱ्याचे नाव सहस्र मुखांतून उमटते. त्याचे सोबती धावत येऊन त्याला मिठी मारतात. त्याच वेळी क्रीडांगणाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या गोलाच्या थोडा पुढे, कमरेवर हात ठेवून उभा असलेला एक खेळाडू मात्र कोणाच्या ध्यानीमनीही नसतो. तो बचाव करणारा खेळाडू होय. त्याच्या हातून चूक झाली तर ती सर्वांना दिसते. चूक झाली नाही तर काहीच घडत नाही. आणि जे घडले नाही, ते पाहणार तरी कोण?

फ्रान्सचे लोराँ ब्लाँ हे असेच एक बचावपटू. पुढे ते आपल्या राष्ट्राच्या संघाचे प्रशिक्षकही झाले. त्यांच्या आयुष्यात कीर्ती होती, पैसा होता, चषक तर अनेक होते. पण आज त्यांची कथा सांगावयाची ती या गोष्टींसाठी नव्हे. एकदा एका शिक्षेने त्यांना आयुष्यातील सर्वांत मोठ्या सामन्याला मुकविले. पुढे बारा वर्षांनी दुसऱ्यांना शिक्षा करण्याचा प्रसंग त्यांच्यावरच आला. या दोन प्रसंगांसाठी ही कथा सांगावीशी वाटते.

ब्लाँ यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९६५ रोजी दक्षिण फ्रान्समधील आलेस या गावी झाला. आलेस हा एके काळी कोळशाच्या खाणींचा प्रदेश. तेथून जवळच असलेल्या मोंपेलिए या शहरातील संघात लोराँ दाखल झाला आणि १९८३ पासून तो मोठ्यांच्या सामन्यांत खेळू लागला. संघ त्या वेळी दुसऱ्या श्रेणीत होता. गंमत अशी की, लोराँ तेव्हा बचावपटू नव्हताच. तो मध्यफळीत पुढच्या बाजूस खेळे, आघाडीच्या खेळाडूंना चेंडू पुरवी आणि स्वतःही पुष्कळ गोल करी. १९८७ साली संघ पहिल्या श्रेणीत चढला, त्यात त्याच्या गोलांचा वाटा मोठा होता.

पुढे त्याला मागे, बचावफळीच्या मध्यभागी खेळविण्यात आले. गोल करणाऱ्या तरुणाला गोल थोपविण्याच्या कामावर नेमणे म्हणजे गवयाला तंबोरा धरावयास बसविण्यासारखे कोणाला वाटेल. पण या बदलानेच ब्लाँ यांचे भाग्य उजळले. ते उंचेपुरे होते, पण वेगवान कधीच नव्हते. त्यांच्याहून चपळ असे आघाडीचे खेळाडू प्रत्येक संघात असत. मग ते त्यांना अडवीत कसे? अंग झोकून देऊन चेंडू हिसकावणे ही बचावाची एक रीत आहे. ब्लाँ यांची रीत निराळी होती. प्रतिपक्षाचा खेळाडू चेंडू कोठे पाठविणार, हे ते त्याच्या खांद्याच्या वळणावरून, पावलाच्या ठेवणीवरून आधीच ताडीत आणि चेंडू तेथे येण्यापूर्वी स्वतः तेथे जाऊन उभे राहत. मग त्यांना धावावे लागत नसे. पूर्वी ते स्वतः पुढे खेळलेले होते. म्हणून पुढच्याच्या मनातले डाव त्यांना ठाऊक होते. आणि चेंडू मिळाला की तो वाटेल तसा दूर भिरकावून न देता ते मान वर करून पाहत आणि शांतपणे आपल्या खेळाडूच्या पायाशी पोचवीत. त्यांच्या या धीरगंभीर वृत्तीमुळे मार्सेय येथील संघात असताना लोक त्यांना ‘अध्यक्ष’ म्हणू लागले.

मोंपेलिएच्या संघाने १९९० साली फ्रान्सचा राष्ट्रीय चषक जिंकला. त्यानंतर ब्लाँ यांनी बरीच भ्रमंती केली. इटलीत नेपल्स, पुन्हा फ्रान्समध्ये नीम, सेंत-एतिएन आणि ओसेर, मग स्पेनमध्ये बार्सिलोना, नंतर मार्सेय. ओसेर हे लहानसे गाव. पण तेथील संघाने १९९६ साली फ्रान्सचे अजिंक्यपद आणि राष्ट्रीय चषक असे दोन्ही मान मिळविले, त्या वेळी ब्लाँ त्या संघात होते.

मात्र राष्ट्राच्या संघात त्यांच्या वाट्याला आधी दुःखच आले. १७ नोव्हेंबर १९९३ च्या रात्री पॅरिस येथे फ्रान्सचा बल्गेरियाशी सामना होता. सामना नुसता बरोबरीत सुटला असता, तरी फ्रान्सला पुढील वर्षीच्या विश्वचषक स्पर्धेत प्रवेश मिळणार होता. अगदी शेवटच्या क्षणी बल्गेरियाने गोल केला आणि फ्रान्सचे दार बंद झाले. ब्लाँ त्या सामन्यात खेळत होते. यापुढे राष्ट्रीय संघातून खेळावयाचे नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. परंतु एमे झाके या नव्या प्रशिक्षकांनी त्यांची समजूत घातली. झाके यांनी पूर्वी मोंपेलिए येथेही त्यांना शिकविले होते. गुरूचा शब्द मानून ब्लाँ परतले.

१९९८ ची विश्वचषक स्पर्धा फ्रान्समध्येच भरली. फ्रान्सने तोवर हा चषक एकदाही जिंकला नव्हता. झाके यांनी बचावफळी मोठी भक्कम बांधली होती. उजवीकडे लिलियाँ तुराम. त्यांचा जन्म कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावरचा. डावीकडे बास्क प्रांतातले लिझाराझू. मध्ये आफ्रिकेतील घाना देशात जन्मलेले मार्सेल देसाई आणि त्यांच्या शेजारी पाच क्रमांकाचा सदरा घातलेले ब्लाँ. पाठीमागे गोलरक्षक फाबियाँ बार्तेझ. प्रत्येक सामन्याच्या आरंभी ब्लाँ बार्तेझ यांच्याजवळ जात आणि त्यांच्या गुळगुळीत डोक्याचे चुंबन घेत! एवढा गंभीर मनुष्य, पण हा शकुन त्याने कधी चुकविला नाही. संपूर्ण स्पर्धेत या संघाविरुद्ध केवळ दोन गोल झाले, यावरून त्या फळीची योग्यता ध्यानात येईल.

२८ जून रोजी लाँस या शहरी पॅराग्वेशी गाठ पडली. पॅराग्वेने असा काही बचाव केला की नव्वद मिनिटे झाली तरी कोणाचाच गोल होईना. फ्रान्सचे आघाडीचे कुशल खेळाडू झिनेदीन झिदान शिक्षेमुळे त्या दिवशी बाहेर बसले होते. अतिरिक्त वेळ सुरू झाला. त्या काळी असा नियम होता की, अतिरिक्त वेळेत जो संघ प्रथम गोल करील तो तत्क्षणी विजयी ठरावा. या गोलास ‘सुवर्ण गोल’ म्हणत. अतिरिक्त वेळही सरत आला. थोड्याच मिनिटांत पेनल्टीच्या फटक्यांवर निर्णय लागावयाचा होता. तेव्हा ब्लाँ आपली जागा सोडून पुढे आले. बचावपटूने जागा सोडणे म्हणजे घराचे दार उघडे टाकून बाहेर पडणे. पण आता बचावून तरी काय उपयोग, असा त्यांनी विचार केला असावा. उजवीकडून चेंडू उंच आला, त्रेझेगे यांनी तो डोक्याने खाली उतरविला आणि ब्लाँ यांनी तो तसाच जाळ्यात धाडला. विश्वचषकाच्या इतिहासातील हा पहिला सुवर्ण गोल. पुढे २००४ साली तो नियमच रद्द झाला.

त्यानंतर इटलीशी झालेला सामना पेनल्टीच्या फटक्यांपर्यंत गेला. फ्रान्सचा पाचवा आणि शेवटचा फटका मारण्याचे काम ब्लाँ यांनी स्वीकारले आणि ते चोख पार पाडले. इटलीचा अखेरचा फटका आडव्या दांड्यावर आदळला.

८ जुलै रोजी पॅरिसजवळच्या सें-दनी येथे उपान्त्य सामना होता. प्रतिपक्ष क्रोएशियाचा. क्रोएशियाने प्रथम गोल केला. लगेच तुराम यांनी बरोबरी साधली आणि काही वेळाने दुसराही गोल केला. नवलाची गोष्ट ही की, तुराम यांनी आपल्या देशासाठी एकूण १४२ सामने खेळले, पण त्यांत त्यांचे गोल झाले ते हे दोनच! फ्रान्स पुढे होता, पाव तासाचा खेळ उरला होता, आणि त्याच वेळी ती घटना घडली.

फ्रान्सला क्रोएशियाच्या गोलाजवळ फटका मिळाला होता. अशा वेळी दोन्ही संघांचे उंच खेळाडू गोलासमोर दाटी करून उभे असतात आणि एकमेकांना रेटीत, धरीत असतात. क्रोएशियाच्या स्लावेन बिलिच यांनी ब्लाँ यांना धरून ठेवले होते. त्यांना दूर सारण्यासाठी ब्लाँ यांनी हात पुढे केला. तो हात बिलिच यांच्या हनुवटीला लागला. बिलिच कपाळ धरून खाली कोसळले. पंचांनी कपाळ धरलेला मनुष्य पाहिला आणि ब्लाँ यांना तांबडे कार्ड दाखविले.

मुलांनो, तांबड्या कार्डाचा अर्थ दुहेरी असतो. खेळाडूला तत्काळ मैदान सोडावे लागते, हा एक. आणि पुढच्या सामन्यात त्याला खेळता येत नाही, हा दुसरा. पुढचा सामना म्हणजे विश्वचषकाचा अंतिम सामना होता. सामन्याची छायाचित्रे नंतर जगभर पाहिली गेली. हात कपाळाला लागलाच नव्हता, हे कोणालाही दिसत होते. तथापि निर्णय फिरला नाही. पुढे स्वतः बिलिच यांनीही या गोष्टीबद्दल खेद व्यक्त केला आणि ब्लाँ यांना अंतिम सामना खेळता यावा म्हणून ती घटना बदलता आली असती तर आपण ती बदलली असती, असे सांगितले. पण घडलेली गोष्ट कोणाला बदलता येते?

येथे एक गोष्ट न्यायाने बोलली पाहिजे. ब्लाँ यांनी हात उगारला, हे खरे. प्रतिपक्षाच्या तोंडाकडे हात जाऊ देणे हे नियमाविरुद्धच आहे. परंतु अपराध तिळाएवढा आणि शिक्षा पर्वताएवढी, असा हा प्रकार होता, असे मला वाटते.

१२ जुलैला त्याच मैदानावर ब्राझीलशी अंतिम सामना झाला. पाच क्रमांकाचा सदरा त्या दिवशी मैदानावर उतरला नाही. त्यांच्या जागी फ्रांक लबफ खेळले आणि उत्तम खेळले. झिदान यांनी डोक्याने दोन गोल केले. उत्तरार्धात देसाई यांनाही बाहेर जावे लागले, तेव्हा तर मूळचे दोन्ही मध्यबचावपटू गमावून दहा जणांनिशी फ्रान्सने किल्ला लढविला. शेवटी पेती यांनी तिसरा गोल केला आणि फ्रान्स ३–० असा विजयी झाला. कर्णधार दिदिए देशाँ यांनी चषक उंचावला. ज्याच्या गोलामुळे संघ पॅराग्वेच्या तावडीतून सुटला, त्याने हा सारा खेळ बाहेरून पाहिला.

दोन वर्षांनी, २ जुलै २००० रोजी, हॉलंडमधील रॉटरडॅम येथे युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना इटलीशी झाला. या वेळी ब्लाँ मैदानावर होते. इटली एका गोलाने पुढे होती. वेळ संपली, पंचांनी दिलेली अधिक मिनिटेही संपत आली. तेव्हा कोठे विल्तोर यांनी बरोबरी केली आणि पुढे त्रेझेगे यांच्या सुवर्ण गोलाने फ्रान्स जिंकला. त्यानंतर लवकरच ब्लाँ यांनी राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. ९७ सामने आणि १६ गोल, हा त्यांचा तेथील हिशेब.

इटलीतील इंटर मिलान संघातून ते वयाच्या पस्तिसाव्या वर्षी इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेड संघात गेले. आरंभी तेथे त्यांची फार थट्टा झाली. त्या हंगामात मँचेस्टरचा संघ बोल्टन, लिव्हरपूल, आर्सेनल, न्यूकॅसल आणि चेल्सी या पाच संघांकडून हरला. या पाच नावांची इंग्रजी आद्याक्षरे ओळीने लिहिली की ‘ब्लाँ’ हे नाव तयार होते, असा शोध कोणी तरी लावला! ब्लाँ यांनी उत्तर देण्याची घाई केली नाही. २००३ साली तो संघ इंग्लंडचा अजिंक्यवीर ठरला आणि तेथेच त्यांनी खेळाडू म्हणून निवृत्ती पत्करली.

प्रशिक्षक म्हणून त्यांचे पहिले काम बोर्दो येथे २००७ साली सुरू झाले. त्या वेळी लिओंच्या संघाने ओळीने अनेक वर्षे फ्रान्सचे अजिंक्यपद आपल्याकडे ठेवले होते. २००८ पर्यंत ही संख्या सातवर गेली. २००९ च्या वसंतात बोर्दोने अखेरचे अकरा सामने लागोपाठ जिंकले आणि लिओंचे आसन हलविले. स्वतः बचावपटू असूनही ब्लाँ यांनी आपल्या संघाला नुसते थोपवून धरावयास शिकविले नाही. चेंडू आपल्याजवळ ठेवा, घाईने फेकू नका, हीच त्यांची शिकवण होती. खेळताना ते स्वतः जे करीत तेच.

आता दुसऱ्या प्रसंगाकडे वळू. २०१० सालची विश्वचषक स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत भरली. फ्रान्सच्या संघात त्या वेळी मोठी बेदिली माजली होती. प्रशिक्षक रेमाँ दोमेनेक यांना अपशब्द बोलल्याबद्दल निकोला आनेल्का या खेळाडूची घरी रवानगी झाली. त्याच्या निषेधार्थ २० जून रोजी नायस्ना या गावी बाकीचे खेळाडू सरावाला आले खरे, पण थोड्याच वेळात जाऊन बसमध्ये बसले आणि खाली उतरावयास तयार होईनात. जगभरच्या वार्ताहरांसमोर खेळाडूंचे निवेदन वाचून दाखविण्याची पाळी प्रशिक्षकांवरच आली. संघ एकही सामना न जिंकता परतला. फ्रान्समध्ये लोकांना पराभवापेक्षा त्या बसचीच लाज अधिक वाटली.

अशा वेळी राष्ट्रीय संघाची सूत्रे ब्लाँ यांच्या हाती आली. त्यांनी प्रथम काय केले? आफ्रिकेला गेलेल्या तेवीसच्या तेवीस खेळाडूंना पुढच्या सामन्यातून वगळावे, अशी त्यांनी फ्रान्सच्या फुटबॉल महासंघाला विनंती केली आणि ती मान्य झाली. कोण पुढारी होता, कोण केवळ भिडेखातर बसमध्ये बसला होता, असा भेद त्यांनी केला नाही. एक सामना, आणि तो सर्वांना.

या निर्णयाबद्दल दोन मते संभवतात. तेवीस जणांचा अपराध सारखाच असेल, हे शक्य वाटत नाही. मनातून विरोध असूनही सोबत्यांना सोडून खाली उतरण्याचे धैर्य नसलेले कोणी त्यांत असतीलच. वर्गात एकाने खोडी केली म्हणून सर्वांना उभे केले, तर तुम्हांला कसे वाटते? आणि विनाकारण बाहेर बसण्याचे दुःख ब्लाँ यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? उलट असेही म्हणता येईल की, बस सर्वांची होती आणि तीतून एकही जण उतरला नव्हता. शिवाय ब्लाँ यांना मुकावे लागले ते विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला. हे खेळाडू मुकले ते नॉर्वेशी होणाऱ्या एका मैत्रीपूर्ण सामन्याला. शिक्षा संपली की पाटी कोरी, अशीही त्यात सोय होती. निराळी, अधिक कठोर शिक्षा कोणाला द्यावयाची ते काम महासंघाच्या शिस्तमंडळाने नंतर केले. माझे मत या दुसऱ्या बाजूकडे झुकते. पण पहिली बाजू मनातून पुरती जात नाही.

११ ऑगस्ट २०१० रोजी ऑस्लो येथे फ्रान्सचा नवखा संघ नॉर्वेकडून १–२ असा हरला. पुढच्या महिन्यात, जुने खेळाडू परतू लागले असताना, बेलारूससारख्या लहान देशानेही त्यांना पॅरिसजवळच्या सें-दनी येथे हरविले. मग मात्र गाडी रुळावर आली. इंग्लंडला लंडनमध्ये आणि ब्राझीलला सें-दनी येथे नमवीत हा संघ ओळीने तेवीस सामने अपराजित राहिला.

या काळात ब्लाँ यांच्याकडूनही एक चूक घडली, ती लपविण्याचे कारण नाही. बंद दाराआडच्या एका बैठकीत, परदेशी वंशाची आणि दोन राष्ट्रांचे नागरिकत्व असलेली मुले प्रशिक्षणशाळांत किती घ्यावीत, या विषयावर ते जे बोलले ते २०११ साली वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. लोक दुखावले. टीका करणाऱ्यांत त्यांचे जुने सोबती तुरामही होते. चौकशी झाली, भेदभावाचे कृत्य घडल्याचा पुरावा तीत मिळाला नाही आणि ब्लाँ यांनी आपल्या शब्दांबद्दल क्षमा मागितली. ज्यांच्या उजवीकडे तुराम आणि शेजारी देसाई उभे राहिले होते, त्यांच्या तोंडून असे शब्द निघावेत, याचे अनेकांना वाईट वाटले.

२०१२ च्या युरोपीय स्पर्धेत फ्रान्स उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत पोचला आणि स्पेनकडून ०–२ असा हरला. ब्लाँ यांनी पद सोडले. त्यांच्या जागी आले ते दिदिए देशाँ. १९९८ साली चषक उंचावणारे तेच कर्णधार. देशाँ यांनी २०१८ साली प्रशिक्षक म्हणूनही फ्रान्सला विश्वचषक मिळवून दिला.

२०१३ ते २०१६ या तीन वर्षांत ब्लाँ पॅरिस सें-जर्मे या धनाढ्य संघाचे प्रशिक्षक होते. तिन्ही वर्षे अजिंक्यपद त्यांच्याकडे राहिले. शेवटच्या दोन वर्षांत तर फ्रान्समधील चारही चषक त्यांनी जिंकले. इतका पैसा असल्यावर कोणीही जिंकेल, असे लोक म्हणत. आणि युरोपच्या मोठ्या स्पर्धेत संघ दर वर्षी उपान्त्यपूर्व फेरीतच अडखळे, हे खरेच होते. शेवटी त्यांना जावे लागले. पुढे कतार आणि लिओं येथे त्यांनी काम केले. त्यात सांगण्याजोगे फारसे नाही. २०२४ साली ते सौदी अरेबियातील जेद्दा येथे अल्-इत्तिहाद संघाकडे गेले. पहिल्याच वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, संघाने देशाचे अजिंक्यपद आणि राजचषक दोन्ही जिंकले. त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात, एका महत्त्वाच्या सामन्यातील पराभवानंतर, संघाने त्यांना पदावरून दूर केले.